भुयारी मेट्रोचं काम कुठवर आलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्र्याच्या कुंपणामागे वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामाबद्दल लोक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं शक्य तितकी साध्या भाषेत दिली आहेत. आकडे जिथे ढोबळ आहेत तिथे तसं म्हटलं आहे, कारण प्रत्येक शहराची जमीन वेगळी आणि प्रत्येक कंत्राटातलं यंत्र वेगळं.

बोगदा पूर्ण झाल्याची बातमी आली. आता मेट्रो किती महिन्यांत सुरू होईल?

महिन्यांत मोजू नका. मुंबईच्या मेट्रो ३ चा शेवटचा ब्रेकथ्रू, म्हणजे यंत्र कातळ फोडून पलीकडच्या खड्ड्यात बाहेर पडण्याचा क्षण, नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रवाशांसाठी उघडला आणि कफ परेडपर्यंत पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये. पुण्यात भुयारीकरण जून २०२२ मध्ये संपलं, तरी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही गाडी सप्टेंबर २०२४ मध्ये धावली. कोलकात्यात हुगळीच्या खालचे बोगदे २०१७ सालीच तयार होते, त्यातून प्रवासी गेले मार्च २०२४ मध्ये. तेव्हा शेवटच्या ब्रेकथ्रूनंतर किमान दोन वर्षं धरून चालावं. त्याहून लवकर झालं तर आनंदच.

ब्रेकथ्रूचे फोटो छान येतात. यंत्राचं तोंड बाहेर येतं, कामगार झेंडे फडकवतात, मान्यवर टाळ्या वाजवतात. त्यामुळे तोच कामाचा कळस वाटतो. प्रत्यक्षात भुयारी मेट्रोची गती ठरते ती बहुतेक वेळा स्थानकांवर, आणि स्थानकाच्या कामात फोटो काढण्यासारखा असा एकही क्षण नसतो.

'७० टक्के काम पूर्ण' म्हणजे नेमकं काय पूर्ण?

हा आकडा खोटा नसतो, पण तो कशाचा आहे हे सहसा सांगितलेलं नसतं. एक असते भौतिक प्रगती: ठरलेल्या कामांपैकी किती झालं. दुसरी आर्थिक प्रगती: मंजूर रकमेपैकी किती खर्च झाली. या दोन्ही एकमेकींपासून बऱ्याच दूर असू शकतात. यंत्रसामग्री आगाऊ मागवली की पैसा आधी जातो आणि काम मागून येतं.

भौतिक प्रगतीही वेगवेगळ्या कामांना वजन देऊन काढलेली बेरीज असते. समजा, बोगद्यांना ३५ टक्के वजन दिलं, स्थानकांच्या काँक्रीटला ४० आणि रूळ, वीज, सिग्नल, वायुवीजन या सगळ्याला मिळून २५. बोगदे पूर्ण झाले आणि स्थानकं साठ टक्के झाली की बेरीज ५९ येते. तेव्हा आत एक मीटरही रूळ टाकलेला नसेल. वर, सगळ्या मार्गाची सरासरी ही एका स्थानकाची स्थिती लपवते. बाकी स्थानकं नव्वद टक्क्यांवर असली आणि मधलं एकच चाळीसवर अडकलं असलं, तर गाडी तिथून पुढे नेण्यात अडचणच असते.

म्हणून आकड्यापेक्षा टप्पा विचारा. खोदाई तळापर्यंत गेली का? तळाचा स्लॅब पडला का? छत बंद झालं का? रूळ आले का? या चार उत्तरांतून जे कळतं, ते टक्केवारीतून कळत नाही.

आणखी एक. पन्नासवरून साठवर जायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा नव्वदवरून शंभरवर जायला जास्त लागतो. शेवटी उरलेली कामं छोटी असतात, पण एकमेकांत अडकलेली असतात.

बोगदा किलोमीटरचा असतो आणि स्थानक दोनशे मीटरचं. मग स्थानकालाच जास्त वेळ का?

एक हिशेब करून पाहू. साडेसहा मीटरच्या आसपास व्यासाचा बोगदा खणला की दर मीटरला सुमारे ३४ घनमीटर माती किंवा दगड निघतो. म्हणजे एका किलोमीटरला ३४ हजार घनमीटर. आता २०० मीटर लांब, २२ मीटर रुंद आणि २० मीटर खोल असं मध्यम आकाराचं स्थानक घ्या. त्याची खोदाई ८८ हजार घनमीटर. एक स्थानक म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त एकेरी बोगद्याएवढं उत्खनन, आणि तेही एका यंत्राच्या ठरलेल्या चक्रात होणारं नव्हे. पोकलेन, दगड फोडणारे ब्रेकर, क्रेन, जागोजागी आडवे टेकू, वरून जाणारी वाहतूक आणि शेजारच्या इमारतींचे पाये सांभाळत ते करायचं असतं.

त्याआधीची कामं तर खोदाईत मोजलीच जात नाहीत. भर रस्त्याखाली पाण्याच्या मुख्य वाहिन्या, गटारं, पर्जन्यवाहिन्या, गॅस, वीज आणि दूरसंचाराच्या केबल असतात. जुन्या शहरात यातल्या निम्म्या कुठल्या नकाशावर नसतात, असलेल्याही नकाशात दाखवल्या तिथे नसतात. आधी हातानं चर खणून त्या शोधायच्या, मग बाजूला नवी वाहिनी टाकून, जोडून, जुनी बंद करायची. कुंपण लागून सहा-आठ महिने 'आत काहीच चाललेलं नाही' असं जे वाटतं, तो काळ बहुतेक वेळा हाच असतो. कंटाळवाणं काम आहे, पण घाईत केलं तर अर्धं शहर पाण्यावाचून राहतं.

त्यानंतर खड्ड्याच्या भिंती. मऊ जमिनीत डायफ्रॅम वॉल, साइटच्या भाषेत डी-वॉल, बांधतात. साधारण ०.८ ते १.२ मीटर जाडीचा खोल चर घ्यायचा, तो ढासळू नये म्हणून खणता खणताच बेंटोनाइट या चिकणमातीच्या द्रावणानं भरत राहायचं, मग सळयांचा अखंड पिंजरा क्रेननं आत सोडायचा आणि तळापासून वर काँक्रीट भरत आणायचं. काँक्रीट वर चढतं तसं द्रावण वर ढकललं जातं. असे पॅनेल एकाला एक जोडत पूर्ण चौकट बांधली की मगच आतली माती काढता येते. म्हणजे जमिनीखालच्या इमारतीच्या भिंती खोदाईच्या आधी बांधून झालेल्या असतात. कातळ वर असेल तिथे एकमेकांत गुंतलेले पाइल, म्हणजे जमिनीत उभे ओतलेले काँक्रीटचे खांब, दगडात ठोकलेले रॉक बोल्ट आणि फवारलेलं काँक्रीट यांवर भागतं.

आमच्याकडचा रस्ता तर पुन्हा सुरू झाला. मग आत काम अजून कसं चालू?

स्थानक दोन प्रकारे बांधतात. बॉटम-अप पद्धतीत आधी तळापर्यंत खणायचं आणि तिथून एकेक मजला वर यायचं. सगळ्यात शेवटी छत आणि त्यावर रस्ता. टॉप-डाऊनमध्ये भिंती आणि मधले खांब झाले की आधी छताचा स्लॅब जमिनीवरच ओततात, त्याला दोन-तीन भोकं ठेवतात, रस्ता परत करतात आणि त्या भोकांतून माती काढत खाली उतरतात. तुमच्याकडे बहुधा दुसरी पद्धत आहे, किंवा खड्ड्यावर पोलादी डेकिंग टाकून तात्पुरता रस्ता केलेला आहे. रस्ता सुरू होणं याचा अर्थ रस्ता सुरू झाला, एवढाच.

टॉप-डाऊनचा रहिवाशांना फायदा मोठा आहे. काम मात्र हळू होतं, कारण छताखाली छोटी यंत्रंच चालतात आणि सगळा माल त्याच भोकांतून ये-जा करतो.

टीबीएम आत नेमकं काय करतं?

टनेल बोअरिंग मशीन म्हणजे पुढे फिरणारं पातं, त्यामागे पोलादी नळकांडं म्हणजे शील्ड, आणि त्यामागे शंभरएक मीटर लांबीची सामग्रीची गाडी. पातं माती किंवा दगड कापतं. शील्ड आजूबाजूची जमीन अडवून धरते, आणि तिच्या मागच्या भागात, तिच्याच आडोशाला, काँक्रीटचे तयार तुकडे, म्हणजे सेगमेंट, जोडून पूर्ण कडं उभं केलं जातं. सहसा सहा तुकड्यांचं एक कडं, रुंदी साधारण दीड मीटर. शेवटचा तुकडा पाचरीसारखा असतो. तो बसला की कडं घट्ट होतं. मग यंत्राचे जॅक याच नव्या कड्यावर पाय रोवून यंत्राला पुढे ढकलतात. पुढचं दीड मीटर कापलं जातं, जॅक मागे येतात, पुढचं कडं.

कड्याचा बाहेरचा व्यास कापलेल्या भोकापेक्षा थोडा लहान असतो. ही फट लगेच ग्राउटनं, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणानं, भरावी लागते. ती रिकामी राहिली किंवा उशिरा भरली, की वरची जमीन तिच्यात बसते आणि रस्त्यावर खळगा दिसतो. बोगद्याच्या कामाचा दर्जा अशा न दिसणाऱ्या भरावात असतो.

मऊ, पाण्यानं भरलेल्या जमिनीत पुढून माती आणि पाणी आत घुसू नये म्हणून पात्यामागची कोठडी दाबाखाली भरलेली ठेवतात. ती कापलेल्या मातीनंच भरली तर अर्थ प्रेशर बॅलन्स पद्धत, बेंटोनाइटच्या द्रावणानं भरली तर स्लरी पद्धत. दाब कमी पडला तर जमीन खचते, जास्त झाला तर रस्त्यातून फेस किंवा चिखल वर येतो. चालकाचं निम्मं लक्ष या एका दाबाच्या आकड्यावर असतं.

शील्डची मूळ कल्पना दोनशे वर्षांपूर्वीची. मार्क ब्रुनेलनं लंडनमध्ये थेम्सखालच्या बोगद्याचं काम १८२५ मध्ये सुरू केलं, तेव्हा कामगार लोखंडी चौकटीच्या कप्प्यांत उभे राहून हातानं माती काढत. नदी अनेकदा आत शिरली. चारशे मीटरही लांबी नसलेला तो बोगदा उघडायला १८४३ साल उजाडलं.

दिवसाला किती मीटर?

चांगल्या जमिनीत, सगळं सुरळीत असताना, सरासरी आठ ते बारा मीटर. कागदावर याच्या दुप्पट दिसतं: दीड मीटर कापायला पाऊण तास, कडं जोडायला तेवढाच, म्हणजे दिवसात सोळा कडी, चोवीस मीटर. पण पात्यावरचे झिजलेले कटर बदलायचे असतात, पट्टा तुटतो, रूळ आणि नळ वाढवायचे असतात, माती उचलायला डंपर वेळेवर येत नाहीत. पहिले शंभर मीटर तर फारच हळू जातात, कारण तोवर मागची सगळी गाडी आत मावत नाही आणि यंत्र अर्धवट जोडणीवर चालतं. त्यामुळे पहिल्या महिन्याची गती पाहून पूर्ण मार्गाचं भाकीत करणं चूक.

यंत्र अडकलं तर मागे का घेत नाहीत?

घेता येत नाही. मागे बांधलेल्या कड्यांचा व्यास शील्डपेक्षा लहान आहे. यंत्रानं आपल्याच मागे दार बंद केलेलं असतं. अडचण आली तर तिथेच सोडवायची. पात्यासमोर जाऊन कटर बदलणं हे त्यातलं नेहमीचं काम. मऊ जमिनीत त्यासाठी पुढच्या कोठडीत दाबाखालची हवा भरावी लागते आणि पाणबुड्यांप्रमाणे कामगारांना ठरावीक वेळच आत थांबता येतं, बाहेर येताना दाब हळूहळू उतरवावा लागतो. फारच बिकट असेल तर वरून खड्डा घेऊन यंत्रापर्यंत पोचतात, अर्थात वर कुणाचं घर नसेल तर.

सगळ्यात त्रासाची जमीन कुठली, असं विचाराल तर मऊ मातीही नव्हे आणि अखंड कातळही नव्हे, तर दोन्ही एकाच वेळी: पात्याच्या खालच्या अर्ध्यात काळा पाषाण आणि वरच्या अर्ध्यात मुरूम. दगड कापायला संथ जावं लागतं, तेवढ्या वेळात वरची माती गरजेपेक्षा जास्त आत येत राहते.

स्थानक आधी बांधतात की बोगदा?

आदर्श क्रम असा: स्थानकाचा खड्डा तळापर्यंत तयार, यंत्र एका टोकानं आत येतं, तळाच्या स्लॅबवरून ओढत दुसऱ्या टोकाला नेलं जातं आणि तिथून पुढचा बोगदा सुरू होतो. पण जागा उशिरा मिळाली, वाहिन्या हलवायला वेळ लागला, तर यंत्र येऊन थडकतं आणि खड्डा तयार नसतो. मग दोन पर्याय: यंत्र थांबवा, किंवा अजून न खणलेल्या स्थानकातून बोगदा सरळ पुढे न्या आणि नंतर खोदाई करताना ती कडी तोडून टाका. दुसऱ्यात सेगमेंट वाया जातात, वेळ वाचतो. बोगद्याची टक्केवारी अशा ठिकाणी झकास दिसते आणि स्थानक मात्र जिथल्या तिथे असतं. ब्रेकथ्रूच्या बातमीवर फार विसंबू नका, असं वर म्हटलं ते यामुळेही.

काही ठिकाणी यंत्र न वापरता सुरुंग लावतात ते का?

यंत्र एकाच मापाचं गोल भोक पाडतं. फलाटाची रुंद गुहा, रूळ बदलण्याची जागा, दोन बोगद्यांना जोडणारी वाट यांचा आकार वेगळा. तिथे नाटम ही पद्धत लागते: दीड-दोन मीटर खणायचं किंवा हलका स्फोट करायचा, लगेच काँक्रीट फवारायचं, बोल्ट ठोकायचे, जमीन किती सरकली ते मोजायचं आणि मगच पुढे जायचं. मुंबईत काळबादेवी आणि गिरगावसारख्या दाटीच्या भागात पूर्ण रुंदीचा खड्डा घ्यायला जागाच नव्हती, तिथे ही पद्धत उपयोगी आली. कातळ चांगला असल्यामुळे ती शक्यही झाली.

आमच्या घराला धोका आहे का?

थोडी हालचाल होतेच, ती किती हा प्रश्न आहे. वीस मीटर खोल मऊ जमिनीतून बोगदा जाताना खोदलेल्या आकारमानाच्या एक टक्का माती जास्त आत आली, तर नेहमीच्या हिशेबानं थेट वरचा पृष्ठभाग तेरा-चौदा मिलिमीटर खचतो, आणि दोन्ही बाजूंना हा खळगा पसरट होत संपतो. अर्धा टक्का आली तर सात मिलिमीटर. कातळात बहुतेक ठिकाणी याहून कमी. संपूर्ण इमारत सारखीच खाली गेली तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा गेला आणि दुसरा राहिला की भिंतीला तिरके तडे जातात. विटांच्या, चुन्याच्या, उथळ पायाच्या जुन्या इमारती यात नाजूक.

म्हणूनच काम पोचण्याआधी इमारतींची पाहणी होते, आधीपासून असलेल्या तड्यांचे फोटो आणि मापं घेतली जातात. या पाहणीला घर उघडून द्या आणि अहवालाची प्रत मागून घ्या. नंतर तडा जुना की नवा हा वाद झाला तर तुमच्या बाजूनं बोलणारा तोच एक कागद असतो. भिंतीवर चिकटवलेली चकाकती प्रिझम, तड्यावरच्या खुणा असलेल्या पट्ट्या, फुटपाथवरचे खिळे ही सगळी मोजणीची साधनं आहेत. ती काढू नका, रंगवू नका. मापाला दोन-तीन मर्यादा ठरलेल्या असतात. पहिली ओलांडली की मोजणी वाढते, शेवटची ओलांडली की काम थांबवून उपाय करायचा.

अपघात होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. कोलकात्यात बऊबाजारला ३१ ऑगस्ट २०१९ रोजी यंत्र पाण्यानं भरलेल्या वाळूच्या थराला लागलं, पाणी आणि वाळू बोगद्यात घुसली आणि वरच्या जुन्या इमारती कोसळल्या, अनेक कुटुंबं बेघर झाली. त्या भागातून गाडी जायला ऑगस्ट २०२५ उजाडला. सिंगापूरला निकोल हायवेजवळ २० एप्रिल २००४ रोजी स्थानकाकडच्या खोल खड्ड्याचे आडवे टेकू निकामी झाले, चार जण गेले. जर्मनीत कोलोन इथे ३ मार्च २००९ रोजी मेट्रोच्या खड्ड्याच्या भिंतीतल्या दोषातून पाणी आणि माती आत वाहिली आणि शेजारचा शहराचा ऐतिहासिक दफ्तरखाना कोसळला, दोघांचा मृत्यू झाला. या तिन्हींतले दोन अपघात बोगद्यातले नव्हेत, उघड्या खड्ड्यातले आहेत. लोक यंत्राला घाबरतात. माझ्या मते शेजारी खोल खड्डा असेल तर त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवावं.

रात्री जमीन थरथरते, ते काय असतं?

कातळात चालणारं यंत्र खालून जात असेल तर घरघर ऐकू येते. ते पुढे सरकलं की काही दिवसांत थांबते. तीच ती ठक्-ठक् आठवडेच्या आठवडे चालली तर तो खड्ड्यातला ब्रेकर. त्याच्या वेळेबद्दल तक्रार करता येते आणि करावी.

निघालेली माती जाते कुठे?

सुटी झालेली माती जागेवरच्या मातीपेक्षा साधारण दीडपट जागा व्यापते. दिवसाला दहा मीटर जाणारं एक यंत्र बारा घनमीटरच्या डंपरना चाळीसहून जास्त खेपा देतं. वर धरलेल्या स्थानकाच्या खड्ड्याला अशा अकरा हजार खेपा लागतील. दिवसा अवजड वाहनांना बंदी असेल तर हे सगळं रात्री. अनेकदा खोदाईची गती यंत्रावर नव्हे तर डंपरला मिळालेल्या तासांवर ठरते, आणि माती टाकायची जागा भरली की सगळंच थांबतं. स्लरी पद्धतीत द्रावणातून माती वेगळी करायला वर एक मोठा प्रकल्पच उभारावा लागतो.

पावसाळ्यात स्थानक तुंबणार नाही का?

पूर्ण झालेल्या स्थानकाचं प्रवेशद्वार रस्त्यापेक्षा उंच ठेवतात, आधी पायऱ्या चढायच्या मग उतरायच्या, ते याचसाठी. शिवाय दारात अडसर लावण्याची सोय आणि तळाशी पंप असतात. धोका अर्धवट अवस्थेत असतो. मुंबईत २६ मे २०२५ च्या मुसळधार पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं, ते बांधकाम चालू असलेल्या वाटेनं, तिथली तात्पुरती भिंत कोसळल्यावर. स्थानक तेव्हा जेमतेम पंधरा दिवसांपूर्वी उघडलं होतं. एक बाजू सुरू आणि दुसरी बाजू बांधकामाधीन असेल तर त्या दोन्हींमधली भिंत तात्पुरती म्हणून हलक्यात घेता येत नाही.

पाण्याचा दुसरा त्रास खालून येतो. बंद, रिकामी घागर पाण्यात दाबून धरली की वर उसळते, तसं भूजलात बसलेलं स्थानक वर उचललं जाऊ पाहतं. वर धरलेल्या स्थानकाचा तळ भूजलाच्या पातळीखाली १८ मीटर असेल तर ही उचल सुमारे ७९ हजार टनांची होते. तिला धरून ठेवतात स्थानकाचं स्वतःचं वजन, छतावरची माती, भिंतींचं घर्षण आणि गरज पडल्यास तळाला ओढून धरणारे पाइल. छत होऊन त्यावर भराव पडेपर्यंत पंप बंद करता येत नाहीत. बाहेरून 'काम बंद' दिसत असतानाही गटारात अखंड स्वच्छ पाणी सोडलेलं दिसतं ते हेच.

दोन बोगद्यांमध्ये वाटा कशाला?

आग लागली तर प्रवाशांनी शेजारच्या बोगद्यात जावं म्हणून. जगभर वापरल्या जाणाऱ्या एनएफपीए १३० या मानकानुसार अशा वाटांमधलं अंतर २४४ मीटरपेक्षा जास्त नसावं. त्याच मानकात फलाट चार मिनिटांत रिकामा व्हावा आणि सहा मिनिटांत माणूस सुरक्षित जागी पोचावा अशी अपेक्षा आहे. जिन्यांची रुंदी त्या हिशेबानं ठरते. या वाटा हातानं, तयार कडी कापून खणाव्या लागतात. लांबी दहा-पंधरा मीटर, पण मऊ जमिनीत अख्ख्या बोगद्यातलं सगळ्यात जोखमीचं काम तेच.

बोगदा झाला, छत झालं. मग दोन वर्षं आत करतात काय?

आधी रूळ. खडीविना, थेट काँक्रीटवर बसवलेले, मिलिमीटरच्या अचूकतेनं. मग वीज, सिग्नल, संदेशवहन. स्थानकाच्या दोन्ही टोकांना बोगद्याचे अवाढव्य पंखे, जे आगीच्या वेळी धूर एका दिशेला ढकलतात. वातानुकूलन, सरकते जिने, लिफ्ट, फलाटाच्या काठाची काचेची दारं. यातलं प्रत्येक काम वेगळ्या कंत्राटदाराचं आणि प्रत्येकाला तीच अरुंद वाट, तीच क्रेन, तेच रात्रीचे तास हवे असतात. केबलवाल्यानं लावलेला ट्रे हवेच्या नळीच्या वाटेत येतो आणि दोघे भांडतात. मघाशी म्हटलेले शेवटचे दहा टक्के ते हेच.

त्यानंतर चाचण्या. आधी प्रत्येक यंत्रणा सुटी, मग सगळ्या एकत्र: गाडी ठरलेल्या ठिकाणी थांबते का, दारासमोर दार येतं का, एका पंख्याची वीज गेली तर दुसरा सुरू होतो का. भारतात गाडीच्या दोलन आणि ब्रेकच्या चाचण्या आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था घेते आणि शेवटची परवानगी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त देतात. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. गाडी चालवणारा आणि तपासणारा वेगळा असावा म्हणून. त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या झाल्यावरच तारीख नक्की होते. आयुक्तांची पाहणी होण्याआधी जाहीर झालेल्या तारखेवर घर भाड्यानं घेऊ नये.

स्थानक उघडलं, पण चारपैकी दोनच प्रवेशद्वारं. बाकीची?

मुख्य खड्डा रस्त्याखाली असतो, प्रवेशद्वारं कडेच्या जागांवर. त्या जागा वेगवेगळ्या मालकांच्या, कुठे भाडेकरू, कुठे न्यायालयीन वाद. शिवाय मुख्य काम चालू असताना वाहतूक कडेला वळवलेली असते, त्यामुळे कडेची खोदाई मुळात उशिराच सुरू होते. सुटकेच्या नियमांपुरती दारं झाली की स्थानक उघडता येतं, उरलेली मागाहून.

जमिनीखाली जुने अवशेष सापडले तर?

काम थांबतं. ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीच्या मेट्रोचं बांधकाम २००६ मध्ये सुरू झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती उघडली. मधल्या वर्षांत पैशाची अडचण होतीच, पण शहराच्या मध्यभागी रोमन-बायझंटाइन रस्ता आणि बाजारपेठ जशीच्या तशी सापडणं हेही मोठं कारण. रोमच्या सी मार्गावर सापडलेल्या वस्तू सान जोव्हान्नी स्थानकातच मांडून ठेवल्या आहेत. बोगदा स्वतः सहसा वस्तीच्या थरांच्या खालून जातो, त्याला हा त्रास नाही. वरून खाली खणावं लागतं ते स्थानकच.

कुंपणाबाहेर उभं राहून कामाचा टप्पा ओळखता येतो का?

बऱ्यापैकी. उंच क्रेनला लटकलेला भला मोठा पोलादी जबडा आणि बाजूला करड्या पाण्याच्या टाक्या दिसल्या तर भिंती चालू आहेत. मातीचे डंपर बाहेर पडत असतील तर खोदाई. ट्रेलरवरून वक्र काँक्रीटचे तुकडे आत जात असतील तर त्या ठिकाणाहून बोगदा चालू आहे. तयार काँक्रीट आणणाऱ्या मिक्सरची रात्रभर रांग लागली तर मोठा स्लॅब पडतोय. डंपर आणि मिक्सर दोन्ही कमी झाले आणि लाकडी खोक्यांतली सामग्री, केबलची रिळं, पत्र्याच्या चौकोनी नळ्या यायला लागल्या, तर आतली कामं सुरू झाली असं समजा. कुंपण आक्रसून फुटपाथची फरशी बसू लागली, फलकावर स्थानकाचं नाव आलं आणि रात्री रिकाम्या गाड्या धावल्याचं कुणी सांगितलं, की मग आयुक्तांच्या पाहणीची बातमी शोधायला हरकत नाही.